साबण ठेवला, साखर नाही

लामिनोकुरा छावणी
१४ मार्च २००३

केरू, माझ्या केरुबिना,

बसवाल्या ओडूरबरोबर हे पत्र देते आहे. बातमी तुझ्यापर्यंत तोंडी पोचलीच असेल, पण या कानातून त्या कानात जाताना तिचं काहीतरी वेगळंच होतं, म्हणून मीच लिहिते. हे गेले. सेव्हेरिनो गेले.

राखेचा बुधवार होता. रस्त्यावर गोळीबार चालू, म्हणून फादर आले नाहीत. झावळ्यांची राख यांनीच केली आणि यांनीच सगळ्यांच्या कपाळाला लावली. दुपारची वेळ. प्रार्थनाघर भरलेलं, बायका पोरांना पाजत बसलेल्या. रानातले बंडखोर ज्वारीच्या शेतातून आले. आधी कुणाला कळलंच नाही, कारण ते गात आले. आपलंच गाणं, केरू. मेरीचं.

ढोलावर म्हातारा कामिलो होता. पहिला कोयता त्याच्या मानेवर बसला. तो ढोलावरच पडला आणि ढोल एकदाच वाजला. मग धावपळ. यांनी ओरडून सांगितलं, "मागची भिंत फोडा!" गवताची भिंत, लाथेसरशी फुटली. माणसं तिथून निसटावीत म्हणून हे पुढच्या दारात जाऊन उभे राहिले, हात पसरून. कोंबड्या अडवतात तसे. मी यांच्या शेजारी होते. मला केसांना धरून खाली बसवलं.

शेजारच्या तेरेझाची झोपडी पेटवली. आत तिचा अधू सासरा होता. त्याचा आवाज बराच वेळ येत होता. छावणीच्या राखणीला ठेवलेले सैनिक बराकीत बसून होते. त्यांनी गोळ्या झाडल्या त्या सगळं संपल्यावर, आभाळात.

यांना दारात पालथं घातलं. माझ्याच घरातलं मुसळ आणलं. त्यांच्यातल्या कुणाला तरी हुकूम झाला. मला बघायला लावलं. एवढंच लिहिते.

पुरलं त्या दिवशी यांच्या कपाळावरची राख मी पुसली नाही. बाकी सगळं धुतलं.

तू म्हणशील, देव? देवाशी माझं बोलणं बंद झालेलं नाही. गोड बोलणं तेवढं संपलं.

तुझी
फिलो


किरेका, कंपाला
२४ एप्रिल २००३

फिलो गं,

पत्र वाचलं आणि खाणीतच बसून राहिले. मुकादम ओरडला, "ए मास्तरीण, दगड काय डोळ्यांनी फुटतात का?" इथे सगळ्या मला मास्तरीणच म्हणतात. हातोडा मारताना बोट चेचलं की मी लॅटिन प्रार्थना पुटपुटते, त्यांना वाटतं शिव्या देते. तुला सांगते, शिव्याच असतात.

ईस्टरच्या मिस्सेला मी भाऊजींचं नाव घेतलं. तुला आठवतं, सिस्टर अँब्रोझिया काय म्हणायच्या? "फिलोमेना आमच्यात येईल, केरुबिना संसार करील." आणि तू त्या सायकलवाल्या धर्मशिक्षकाच्या मागे बसून गेलीस. मी कुंपणापाशी पेरू खात उभी होते आणि हसू आवरत नव्हतं. सायकलची साखळी निघाली, तू उतरलीस, आणि हे महाशय साखळी बसवता बसवता तुला संत पॉलचं पत्र समजावत होते! किती साधा माणूस, फिलो. अशा माणसाला मुसळाने मारतात?

आता विचारते. रागावू नकोस. ओडूर म्हणाला, त्या टोळीत मुलीही होत्या. बंदुका घेतलेल्या. माझ्या लामारोला त्यांनी रानात पळवून नेलं त्याला चार वर्षं होतील. तेरा वर्षांची होती, आता ओळखू येणार नाही, पण तू तिची धर्ममाता आहेस. बाप्तिस्म्याच्या पाण्यावर तू तिला धरलंस, लुचिया नाव तू दिलंस. डावा पाय ती जरा बाहेर टाकते. तू तिला चालण्यावरूनही ओळखशील. दिसली का? जिवंत आहे एवढं कळलं तरी मला पुरे.

ओडूरबरोबर थोडी साखर, सुकी मासळी आणि दोन वड्या साबण पाठवते आहे. लाजू नकोस.

तुझी केरू


लामिनोकुरा
१९ जून २००३

प्रिय केरू,

साबण मिळाला. खूप उपयोग झाला. इथे खरूज पसरली आहे.

लामारो दिसली नाही. चेहरे बघण्याची ती वेळ नव्हती.

प्रार्थना आता मी चालवते. फादर महिन्यातून एकदा येतात, तेही सैनिकांच्या गाड्यांमागून. दुसरं कुणी वाचणारं नाही. सगळं म्हणते, पण प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेची ओळ आली की माझं तोंड मिटतं. ठरवून नाही. दातखीळ बसते तसं. पहिल्या रविवारी सगळं प्रार्थनाघर माझ्याबरोबर गप्प झालं. आता म्हाताऱ्यांनी आपसात काय ठरवलं देव जाणे, ती ओळ त्या सगळ्या मोठ्याने म्हणतात, मला तिच्यावरून उचलून नेतात, आणि पुढच्या ओळीला मला परत खाली सोडतात. तेरेझा मला म्हणाली, "बाई, तुम्ही थांबत जा. आम्ही आहोत ना ढकलायला."

यांचा भाऊ ओब्वोना रोज कोयत्याला धार लावतो. "वहिनी, तुम्ही तोंड बघितलंय त्याचं. नुसतं नाव सांगा." मी म्हणते, "तोंडाला काळं फासलेलं होतं." तो म्हणतो, "चर्चच्या बाईला खोटं बोलता येत नाही, तुमचे कान लाल होतात." मेला कुठला.

पावसाने तीळ बरा आहे. सैनिक शेतात जाऊ देतील तेव्हा खरं.

फिलो


किरेका
६ सप्टेंबर २००३

फिलोमेना,

ओडूर काल आला. मी सहज विचारलं, "बाईंनी मासळी कशी केली, तिळाच्या कुटात का?" तो मान खाजवत म्हणाला, "मास्तरीणबाई, खरं सांगू? साखर आणि मासळी त्यांनी पिशवी न उघडता तेरेझाला देऊन टाकली. साबण ठेवला."

मला फार लागलं. आपण दोघींनी किडलेला घेवडा एका ताटात खाल्ला. तापात तू माझी उष्टी पेज प्यायलीस. आणि आता माझी साखर तुला चालत नाही? दगड फोडून आणलेली म्हणून? कमीपणा वाटतो? विधवा झालीस तरी शाळेतला ताठा गेला नाही तुझा.

*

वरचं शनिवारी लिहिलं. आज बुधवार. पत्र टाकायचं राहिलं, आणि आज खाणीत हातोडा वर गेला तो खाली आलाच नाही. शेजारची म्हणाली, "काय गं, लकवा मारला का?"

साबण ठेवलास. खाण्याचं तेवढं दिलंस.

आपल्याकडे खाणं कधी नाकारतात ते मला माहीत आहे, फिलो. ते ननांनी नाही शिकवलं, आज्यांनी शिकवलं. एका घराने दुसऱ्या घराचं रक्त सांडलं, की दोन्ही घरची माणसं गुडघ्यांवर बसून एका भोपळ्यातून कडू मुळीचा रस पिईपर्यंत त्या घरचा घास या घरात जात नाही. घोटभर पाणीसुद्धा नाही. माझ्या बाजूने तुझ्या घराचं रक्त सांडेल असं या जगात कोण उरलंय? माझा नवरा मेला. भाऊ मेले. माझं एकच माणूस रानात आहे.

ती दिसली नाही म्हणालीस. आता एका शब्दात लिही. ती होती का?

केरुबिना


लामिनोकुरा
११ ऑक्टोबर २००३

केरू,

होती.

तू विचारलं नसतंस तर मी हे मरेपर्यंत लिहिलं नसतं. आता सगळं लिहिते. अर्धं ठेवलं तर उरलेलं तू मनाने रचशील, आणि ते याहून वाईट असेल. याहून वाईट काय असेल, कोण जाणे.

यांना दारात धरलं होतं, मारणार की नुसतं ओझ्याला नेणार, ते ठरलं नव्हतं. त्यांना मीठ आणि धान्य वाहून न्यायला माणसं हवी होती, आणि हे अंगाने धडधाकट. तेवढ्यात ती ज्वारीतून बाहेर आली. बंदूक तिच्याहून मोठी. डावा पाय बाहेर टाकत. मी ओळखलं आणि जीभ चावून धरली. यांना नाही जमलं. यांचा चेहरा असा उजळला, केरू, जसा तिच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी. म्हणाले, "लुचिया! अगं, तू जिवंत आहेस!" गुडघ्यांवर असलेला माणूस, आणि आनंद तिचा.

झालं. त्यांच्या म्होरक्याने ऐकलं. तो हसला. "तुझ्या ओळखीचा आहे? मग तूच कर. म्हणजे परत जायला घर राहणार नाही." रानात हाच नियम आहे, पळून आलेली पोरं सांगतात. ज्याने नावाने हाक मारली तो मरायचा, जिला हाक मारली तिच्या हातून.

तिला मुसळ दिलं. पहिला घाव खांद्यावर पडला, हलका. म्होरक्याने तिच्या पाठीवर कोयत्याची सपाट बाजू हाणली, मग धार पाठीत रुतवली. रक्त तिच्या कंबरेपर्यंत आलं. "नीट." दुसरा घाव पडायच्या आधी हे मान वळवून म्हणाले, "डोळे मीट, पोरी." तिने मिटले. म्हणून फार घाव लागले. बघून मारलं असतं तर लवकर झालं असतं.

माझ्यासाठी हे काहीच बोलले नाहीत. पंचवीस वर्षांचा संसार, मी हाताच्या अंतरावर, आणि शेवटचा शब्द तिला दिला. मला या गोष्टीचा राग येतो, आणि राग येतो म्हणून लाज वाटते. पापनिवेदनात फादरांना सांगितलं. ते बिचारे तरुण आहेत, रडले.

मुसळ मी जाळलं. ओल्या लाकडासारखं धुमसत राहिलं.

ओब्वोनाला मी नाव सांगितलेलं नाही. तुझ्यावरच्या मायेने म्हणू नकोस. मला अजून एक मढं बघवत नाही, बस्स. लामारोचा मी द्वेष करते का, ते मला कळत नाही. रात्रंदिवस तिच्यासाठी प्रार्थना करते, आणि ती मेली असावी अशीही कधी कधी त्यातच मागणी असते. देवाने त्यातलं काय ऐकायचं ते त्याने ठरवावं.

साखरेचं तू ताठ्यावर नेलंस. तेच बरं होतं गं.

फिलोमेना


किरेका
२ मार्च २००४

फिलोमेना,

इतके महिने लिहिलं नाही. काय लिहिणार होते? दहा वेळा "मला क्षमा कर" लिहिलं आणि फाडलं. मारलं मी नाही, आणि जन्म तर मीच दिला. माफी नक्की कशाची मागायची तेच कळेना. मिस्सेला जाणं सोडलं होतं. मग एक दिवस खाणीत दरड कोसळली आणि पाय चेचला, आणि तोंडातून पहिलं नाव देवाचंच निघालं. मग म्हटलं, जाऊ दे, सवय सुटत नाही तर भांडण तरी कशाला. पाय प्लास्टरमध्ये आहे. चालता येत नाही.

ती सुटली, फिलो. सैनिकांच्या चकमकीत नदीतून पोहत आली. गुलुला, परत आलेल्या मुलांच्या केंद्रात आहे. फादरांच्या कचेरीतल्या फोनवर बोलले. मी रडत होते, ती नाही. आवाज पुरुषासारखा झालाय. म्हणाली, "आई, तुला माहीत आहे?" मी म्हटलं, "माहीत आहे." मग म्हणाली, "मला लामिनोकुराला जायचंय. मावशींकडे."

मी म्हटलं, "वेडी आहेस? तिथे ओब्वोना आहे. इकडे ये, कंपालात कुणी ओळखत नाही." ती म्हणाली, "रानातही कुणी ओळखत नव्हतं." केंद्रातल्या बाईंनी मग फोन घेतला. म्हणाल्या, ही जेवत नाही. दोरी, पट्टा, ओढणी, सगळं हिच्यापासून लपवून ठेवावं लागतं. ईस्टरनंतरच्या शनिवारी त्यांची गाडी त्या बाजूला पोरांना सोडायला येईल.

मी तुझ्याकडे काही मागत नाही. परत आलेल्याने पायाने फोडून आत यावं म्हणून उंबऱ्यावर अंडं ठेवतात, ते घरच्यांसाठी असतं. तू ते ठेवू नकोस. तिला घरात घेऊ नकोस. बोलू नकोस. फक्त तिला जिवे मारू देऊ नकोस. मारणारा ओब्वोना असो, नाहीतर ती स्वतः.

हे मागणंच झालं. माहीत आहे.

केरू


लामिनोकुरा
९ मे २००४

केरू,

अक्षर माझं नाही हे तू बघितलंच असशील. माझा उजवा हात बांधलेला आहे. मी सांगते आहे आणि दुसरी लिहिते आहे. कोण ते ओळख. बाराखडी तूच गिरवून घेतली होतीस.

ती शनिवारी आली. मी अंडं ठेवलं नव्हतं. दार लोटून आत बसले होते. ती दाराशी आलीच नाही. तेरेझाच्या वळचणीला पडली. तेरेझा म्हणाली, "माझा सासरा जाळला त्यांनी, पण ही काय काडी घेऊन आली नव्हती. पडू दे." तेरेझा अशी आहे. रविवारी ती पोर प्रार्थनेला येऊन मागे बसली. मी तिच्याकडे बघितलं नाही. सगळं संपलं, लोक उठायला लागले, तेव्हा ती पुढे चालत आली. डोकं उघडं, हात खाली सोडलेले. म्हणाली, "मी लुचिया लामारो, केरुबिनाबाईंची मुलगी. धर्मशिक्षक सेव्हेरिनोंना मी मारलं. मुसळानं. त्यांनी मला नावानं हाक मारली होती."

एका बाईने तोंडात पदर कोंबला. मग ओब्वोना उठला. शांतपणे म्हणाला, "एवढंच ऐकायचं होतं." कोयता त्याने रिवाजाप्रमाणे दाराबाहेर ठेवला होता. तो आणायला गेला, आणला. तेवढ्या वेळात ती पळू शकली असती. पळाली नाही. मला कळलं, ही त्यासाठीच इथवर आली आहे. माझ्याकडे नाही. त्याच्याकडे.

केरू, तू देवळातल्या तसबिरीसारखी माझी तसबीर करशील म्हणून सांगते. माझं मन म्हणत होतं, होऊ दे. स्पष्ट शब्दांत. होऊ दे, संपू दे. आणि कोयता वर गेला तेव्हा माझा हात मध्ये होता. मी घातला नाही. मला विचारून गेला नाही. दोन बोटं गेली, तिसरं लोंबत होतं ते दवाखान्यात कापलं.

ओब्वोनाने कोयता टाकला आणि तिथेच ओकला. "वहिनी, हे काय केलंत!" मी म्हटलं, "मला काय विचारतोस मेल्या, पाणी आण." तो पाणी आणायला धावला. हिने आपल्या परकराची पट्टी फाडली आणि मनगटाच्या वर अशी आवळली की रक्त थांबलं. दवाखान्यातल्या नर्सने विचारलं, "कुणी बांधलं? हे शिकलेल्या माणसाचं काम आहे." कुठे शिकली ते आम्ही सांगितलं नाही.

दोन्हीकडचे वडीलधारे बसले. तुझ्या चुलत दिराने तुझ्या घराच्या वतीने मेंढी द्यायचं कबूल केलं. नाचणीची कापणी झाली की कडू मुळी कुटायची. तू तोवर चालायला लाग. गुडघ्यांवर बसावं लागेल. तोवर हिच्या हातचं मी खात नाही, माझ्या हातचं ही खात नाही. तेरेझा मधे बसून दोघींना रांधून घालते आणि दोघींना शिव्या देते. "दोन पोळलेल्या मांजरी पाळल्यात मी," म्हणते. जखम रोज ही धुते. ते चालतं. शेत खणते. तेही चालतं. गेल्या रविवारी मुलांना धर्माची प्रश्नोत्तरं शिकवायला कुणी नव्हतं, तर हिने फळ्यावर लिहून दिली. शिकवलं नाही, फक्त लिहून दिलं. एक आई मुलाला घेऊन उठून गेली. बाकीच्या बसल्या.

आता मी सांगते ते ही लिहीत नाही. थांबली आहे. मी म्हटलं, "लिही. जसं सांगते तसंच लिही." लिहिते आहे बघ: फिलोमेनाने माफ केलेलं नाही. अजून नाही. ती रोज सकाळी उठून देवाला तेच सांगते, की अजून नाही, आणि देव रोज सकाळी पुन्हा विचारतो. दोघंही थकत नाहीत.

माझं संपलं. खाली जागा आहे, तिथे हिने स्वतःचं लिहावं. मी वाचणार नाही.

फिलो

आई,

काय लिहू कळत नाही. मावशी तोंड फिरवून बसल्या आहेत.

मी इथे मरायला आले होते, ते त्यांना कळलं होतं. हात शिवून झाल्यावर दवाखान्याच्या ओट्यावर त्या माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या. म्हणाल्या, "कापणी होईपर्यंत तू कुठेही जायचं नाहीस. रानात नाही, नदीत नाही, झाडाला नाही. मला रस प्यायचाय, आणि तो एकटीला पिता येत नाही. समोर तुझ्या घरचं कुणी लागतं, आणि मारलंस तू, म्हणजे तूच लागतेस. कळलं?"

मी त्यांच्या हाताच्या पट्टीकडे बघत होते. त्या म्हणाल्या, "बोल."

आई, मी हो म्हणाले.

लामारो